शह आणि चेक : एका शब्दाचे वंशवृत्त

मुंबईहून ठाण्याकडे निघालेला एखादा गृहस्थ मुलुंडच्या चेकनाक्यावर उतरतो, त्याच्या अंगात चेक्सचा सदरा असतो, खिशात बँकेत भरावयाचा चेक असतो, वाटेत दवाखान्यात जाऊन त्याला रक्तदाब चेक करून घ्यावयाचा असतो, आणि सायंकाळी घरी परतल्यावर त्याचा नातू बुद्धिबळाच्या पटावर त्याच्याच राजापुढे घोडा आणून ‘आजोबा, चेक!’ असे म्हणतो. नाका, कापड, पैसा, प्रकृती आणि खेळ या पाच निरनिराळ्या व्यवहारांत आलेला हा शब्द एकच आहे. आणि नातवाने ‘चेक’ म्हणावे व आजोबांनी सवयीने ‘शह काढतो’ असे उत्तर द्यावे, तेव्हा ते दोघेही, नकळत, एकाच फारसी शब्दाचा उच्चार करीत असतात. या शब्दाची हकीकत सांगण्यासारखी आहे. आणि ती आपल्याला आज इतक्या निश्चयाने का सांगता येते, हा प्रश्न मराठी भाषेच्या भवितव्याशी निगडित असल्यामुळे त्या हकीकतीपेक्षाही अधिक विचारार्ह आहे.

हकीकतीचा आरंभ आपल्याच देशात होतो. हत्ती, घोडे, रथ आणि पदाती ही सेनेची चार अंगे पटावर मांडून खेळावयाच्या चतुरंग नामक क्रीडेचा उल्लेख इसवी सनाच्या सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात श्लेषाने केलेला आहे. ही क्रीडा हिंदुस्थानातून ससानी इराणात गेली, तेथे तिचे नाव ‘चतरंग’ झाले, आणि खुस्रो नौशेरवान याच्या दरबारी ती हिंदुस्थानच्या राजाकडून कशी आली याची आख्यायिका पहलवी भाषेतील एका छोट्या ग्रंथात लिहून ठेवली गेली. पटावरील मुख्य सोंगटीला तेथे साहजिकच ‘शाह’ म्हणू लागले, आणि प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा येताच त्याला सावध करण्यासाठी ‘शाह!’ असा पुकारा करण्याची रीत पडली. त्या राजाला हलण्यास कोणतेही घर उरले नाही म्हणजे ‘शाह मात’. या ‘मात’ शब्दाचा ‘मेला’ असा अरबी अर्थ लावण्याचा प्रघात फार जुना आहे. परंतु फारसीत ‘मात’ म्हणजे निरुपाय झालेला, गोंधळून स्तब्ध झालेला, आणि पटावरची वस्तुस्थितीही तीच असते, कारण त्या खेळात इतर सर्व सोंगट्या मारल्या जातात, राजा मात्र कोंडला जातो.

अरबांनी इराण जिंकले तेव्हा हा खेळही त्यांच्या हाती आला. ‘चतरंग’चे ‘शतरंज’ झाले, आणि अरबांबरोबर तो भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने युरोपात शिरला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘शाह’चे ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाले, आणि नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ही इंग्लंडच्या दरबाराची भाषा बनल्यामुळे तेथून हा शब्द इंग्रजीत उतरला. एकवचनी ‘एशेक’चे ‘चेक’ झाले. त्याच शब्दाच्या अनेकवचनापासून खेळाचे ‘चेस’ हे नाव निघाले. आणि ‘शाह मात’चे ‘चेकमेट’ झाले. ज्यांना आज आपण दोन वेगळे इंग्रजी शब्द समजतो ते चेस व चेक मुळात एकाच नामाची दोन वचने आहेत.

इंग्रजीत आल्यावर या शब्दाचा खरा विस्तार झाला. राजाला शह बसला की चालू डाव थबकतो, इतर सर्व बेत बाजूला ठेवावे लागतात. म्हणून ‘चेक’ म्हणजे अकस्मात आलेला अटकाव. अटकावापासून निग्रह, निग्रहापासून नियंत्रण, आणि नियंत्रणाच्या हेतूने केलेली पडताळणी, असे अर्थ एकातून एक निघत गेले. पुढे १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली तेव्हा कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायसंस्था यांनी परस्परांवर ठेवावयाच्या अंकुशाला त्या देशातील राज्यशास्त्रज्ञांनी याच शब्दाने संबोधिले. जो शब्द इराणात निरंकुश सम्राटाचे अभिधान होता, तोच बाराशे वर्षांच्या प्रवासानंतर सत्तेला निरंकुश होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचे नाव व्हावा, हा अर्थाचा प्रवास मला तरी मानवी संस्कृतीच्या इतिहासातील एखाद्या मोठ्या घटनेइतकाच उद्बोधक वाटतो.

परंतु या शब्दाची सर्वांत रम्य शाखा इंग्लंडच्या खजिन्यात फुटली. बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्रीच्या अमदानीत, रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने सरकारी हिशेबाच्या पद्धतीवर गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एका मेजाचे वर्णन करतो: लांबी दहा फूट, रुंदी पाच फूट, वरच्या सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून भोवती चार बोटे उंचीची कड, आणि त्यावर अंथरलेले काळे कापड, ज्यावर ठराविक अंतराने रेघा ओढलेल्या. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, त्यापुढे पौंड, मग विसांचे, शेकड्यांचे, हजारांचे रकाने. परगण्यापरगण्याचा शेरीफ वर्षाचा वसूल घेऊन समोर बसे. हिशेबनीस त्याच्याकडून येणे असलेली रक्कम रकान्यांत सोंगट्या ठेवून मांडी, तिच्याखाली प्रत्यक्ष भरलेली रक्कम मांडी, आणि वरच्या रांगेतून खालची वजा घालून उरलेली बाकी सर्वांच्या डोळ्यांदेखत शेरीफाच्या पदरात घाली. रोमन अंकांनी कागदावर वजाबाकी करणे महाकठीण असल्यामुळे ही युक्ती योजिलेली होती. चौकड्यांचे ते कापड बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, आणि पटावर जसे दोन राजे झुंजतात तसे येथे खजिनदार व शेरीफ झुंजतात, असे खुद्द फिट्झनीलनेच लिहून ठेवले आहे. म्हणून त्या कचेरीचे नाव ‘एक्सचेकर’ पडले. आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणून ओळखला जातो.

त्याच कचेरीत पावतीची रीतही अशीच मोठी चतुराईची होती. हेझल नावाच्या झाडाच्या काठीवर भरलेल्या रकमेच्या खाचा पाडीत, काठी उभी चिरून तिचे दोन भाग करीत, एक भाग पैसे भरणाऱ्यास देत व दुसरा दफ्तरी ठेवीत. पुढे वाद उपस्थित झाल्यास दोन्ही भाग एकमेकांशी जुळवून पाहात, आणि खाचा जुळल्या नाहीत तर लबाडी उघडकीस येई. ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. निरुपयोगी झालेल्या त्या काठ्यांचे ढीग १८३४ साली वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातील भट्ट्यांत जाळण्यात आले, आणि त्या आगीत पार्लमेंटची जुनी इमारतच जळून गेली.

दोन भाग जुळवून खरेपणा पाहण्याची हीच कल्पना पुढे कागदावर आली. अठराव्या शतकात सरकारी व पेढ्यांच्या रोख्यांना जी स्थळप्रत जोडलेली असे, तिला बनावटगिरीस आळा घालणारी म्हणून ‘चेक’ म्हणू लागले. क्रमाने ते नाव स्थळप्रतीवरून मूळ कागदाकडे सरकले. आणि ‘एक्सचेकर’च्या अक्षरांची छाया पडून इंग्लंडात त्या कागदाची वर्णरचना निराळी झाली, अमेरिकेत मात्र ती जुनीच राहिली. हा शब्द अरबी व्यापाऱ्यांच्या ‘सक्क’ नामक लेखी आदेशावरून आला असे पुष्कळदा सांगितले जाते. ‘सक्क’ खरोखरच प्रचारात होता आणि त्याचे काम चेकसारखेच होते. परंतु इंग्रजीतील आरंभीचे लेखी दाखले तपासले असता त्यांत ‘चेक’चा अर्थ पैसे देण्याचा आदेश असा नसून स्थळप्रत असा निघतो, आणि एवढ्यावरून त्या वादाचा निकाल लागतो. चौकडीच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणणे हे त्याच पटाच्या घरांवरून आले. मध्य युरोपातील चेक लोकांचे नाव मात्र उच्चाराने जुळे असूनही या कुळातले नव्हे. ते स्लाव भाषेतील स्वतंत्र कुलनाम आहे.

आता मूळ मुद्दा असा की, हे सारे आपल्याला इतक्या खात्रीने कोणी सांगितले? १८५७ साली लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळात असा विचार निघाला की, तोपर्यंतचे सर्व इंग्रजी कोश अपुरे आहेत, आणि भाषेतील प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा वृत्तांत देणारा कोश हवा. देशोदेशीच्या हजारो वाचकांनी जुने ग्रंथ वाचून, प्रत्येक शब्दाचा प्रयोग एकेका चिठ्ठीवर, साल व संदर्भ यांसह उतरवून धाडला. १८७९ साली जेम्स मरे यांनी संपादकत्व स्वीकारले. १८८४ साली पहिला भाग निघाला. १९१५ साली मरे निवर्तले. आणि काम पुरे झाले ते १९२८ साली. त्या पहिल्या आवृत्तीत ४,१४,८२५ शब्द व त्यांच्या समर्थनार्थ १८,२७,३०६ अवतरणे होती. हाच तो ऑक्सफर्डचा कोश. त्याचे सामर्थ्य शब्दसंख्येत नसून, कोणता अर्थ कोणत्या साली कोणाच्या लेखणीतून प्रथम उमटला हे कालक्रमाने मांडण्याच्या पद्धतीत आहे. ‘सक्क’सारख्या आकर्षक तर्काचा फोलपणा याच पद्धतीने सिद्ध होतो, कारण सालवार दाखल्यापुढे कल्पनेचे काही चालत नाही.

आणि आता आपल्याकडे पाहावे. ज्या शब्दाने इंग्रजीत एवढा वंशविस्तार केला, तो आपल्याकडे अरबस्तान व फ्रान्सचा वळसा न घेता थेट फारसीतून आला, आणि त्याने येथेही थोडा संसार मांडलेला नाही. शह देणे, शह बसणे, काटशह, शहकाटशहाचे राजकारण, संकटावर मात करणे, हे प्रयोग पटावरून उठून मराठी गद्यात कायमचे स्थायिक झाले आहेत. आणि यःकश्चित प्याद्याकडून बलाढ्य राजा कोंडला गेला तर त्याला प्यादेमात म्हणून आपल्या खेळाडूंनी विशेष मान दिला आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी उभारून मुंबईकर इंग्रजांच्या आरमारास व सिद्दीस शह दिला असे आपण लिहितो, तेव्हा त्या समुद्रात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही पक्षांच्या भाषांत त्या डावपेचाला एकाच मूळ शब्दाची दोन रूपे होती, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

चेक या आंग्ल रूपाचेही मराठीने तितकेच आपलेपणाने स्वागत केले. बँकेच्या छापील कागदावर ‘धनादेश’ असे लिहिलेले असते आणि तो शब्द सुबक आहे. तथापि खिडकीपाशी उभा असलेला खातेदार ‘चेक वटला का?’ असे विचारतो, आणि त्यातील ‘वटणे’ हे क्रियापद चेकपूर्वीचे, हुंडीच्या काळचे आहे. हुंडी वटत असे, नाणी बदलताना वटणावळ द्यावी लागे. सावकारी पेढीची ही परिभाषा नव्या बँकेने आयती उचलली, आणि परदेशी नामाला देशी क्रियापद जोडून मराठीने तो व्यवहार आपलासा केला.

याच हुंडीच्या व्यवहारातील एक शब्द मला विशेष बोलका वाटतो. हुंड्यांमध्ये धनीजोग, शहाजोग असे प्रकार असत. बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित पेढीवाल्यालाच, म्हणजे शहालाच, जिचे पैसे द्यावयाचे ती शहाजोग हुंडी. हा ‘शहा’ इराणच्या बादशहाचा नव्हे. तो संस्कृत साधू, प्राकृत साहू या परंपरेतला, सावकारातल्या ‘साव’चा सगोत्र आहे. म्हणजे ‘शहाजोग’ म्हणून ज्याचा उल्लेख व्हावा तो मनुष्य निखालस विश्वासपात्र असला पाहिजे. परंतु आजच्या मराठीत ‘त्याचा शहाजोगपणा पाहा’ असे कोणी म्हटले तर त्याचा अर्थ अगदी उलटा होतो: आतून लबाड असून वरून सभ्यपणाचा आव आणणारा! विश्वासाचा शब्द ढोंगाचा शब्द केव्हा झाला? पेशवाईतील सावकारांच्या दिवाळखोरीत, की कंपनी सरकारच्या अमदानीत पेढ्यांची पत उतरली तेव्हा, की नाटककादंबऱ्यांतील उपहासाने? एका शब्दाच्या या पालटामागे महाराष्ट्राच्या आर्थिक व नैतिक इतिहासाचे एक संपूर्ण प्रकरण दडलेले असू शकेल. इंग्रजीतील ‘चेक’विषयीच्या अशाच प्रश्नाचे उत्तर कोश उघडताच मिळते, ‘शहाजोग’विषयी ते मिळावे म्हणून सर्व कालखंडांतील मराठीचे सालवार दाखले मांडणारा संपूर्ण ऐतिहासिक कोश आपण अद्याप सिद्ध केलेला नाही.

यात पूर्वसूरींचा दोष काढण्याचा हेतू मुळीच नाही. मराठीची कोशपरंपरा कोणत्याही भाषेला भूषणावह वाटावी अशी आहे. शिवकालात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला. १८२९ साली शास्त्रीमंडळींनी महाराष्ट्र भाषेचा कोश छापला. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला, आणि त्याची दुसरी परिपूर्ण आवृत्ती नेमकी १८५७ साली, म्हणजे लंडनमध्ये नव्या कोशाचा विचार निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश दिला. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी तुटपुंज्या साधनांनिशी १९३२ ते १९३८ या अवघ्या काही वर्षांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग बाहेर काढले आणि त्यांत संतवाङ्मयापासून ऐतिहासिक कागदपत्रांपर्यंतची अवतरणे दिली. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ साली आला. यादवकालीन मराठीपुरते कालक्रमाचे काम शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या १९९९ च्या कोशाने करून दाखविले. पाया असा भक्कम घातलेला असताना त्यावर इमारत उभी करण्याचे राहून गेले, ही उणीव त्या थोर पुरुषांची नसून आपल्या पिढ्यांची आहे.

सामग्रीची वाण तर मुळीच नाही. शके ९३४ चा अक्षीचा शिलालेख, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, गोव्यात १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद व मराठी नाटके, बखरी, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमालांत बांधलेले असंख्य जमाखर्च, ताकीदपत्रे, निवाडे व कैफियती, एवढे विपुल व दिनांकित लेखन अनेक भाषांच्या वाट्याला आलेले नाही. मामलेदाराने धाडलेल्या ताळेबंदात, कोर्टकज्जातील कबुलीजबाबात, सावकाराच्या खतावणीत सामान्य मराठी मनुष्याची नित्याची भाषा तारीखवार सापडते. आणि ऐतिहासिक कोशाला लागते ती हीच.

काही सुजाण माणसे म्हणतील की, रस्ते, शाळा व पाणी यांची एवढी निकड असता शब्दांच्या जन्मकुंडल्या मांडण्याची ही चैन कशासाठी? त्यांना नम्रपणे सांगावयाचे ते असे की, आपण आज भाषेविषयी जे वाद घालतो त्यांतील पुष्कळ वाद केवळ माहितीच्या अभावी चालतात. कोणता शब्द आपला व कोणता परका, कोणता शुद्ध व कोणता भ्रष्ट, याविषयी भाषाशुद्धीच्या चळवळीपासून आजच्या शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत आपण हिरिरीने भांडत आलो. परंतु ‘शह’ आणि ‘चेक’ यांच्यासारखी उदाहरणे डोळ्यांसमोर असली म्हणजे कळते की, एक शब्द एकाच वेळी चार देशांचा ऋणी असू शकतो, आणि चतुरंगाच्या योगे त्या शब्दाच्या प्रवासाला कारण झालेल्या देशानेच तो दोन निरनिराळ्या दारांनी परत घरात घेतलेला असू शकतो. ज्याला आपल्या शब्दांचा इतिहास ठाऊक आहे तो परक्या शब्दाला भीत नाही आणि नवा शब्द घडविताना गोंधळतही नाही. शासनाला परिभाषा घडवावयाची असते, न्यायालयाला जुन्या सनदांचा अर्थ लावावयाचा असतो, शिक्षकाला मुलांपुढे भाषा जिवंत करून ठेवावयाची असते. या सर्वांना असा कोश हा रोजच्या उपयोगाचा आधार ठरेल.

शिवाय हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असेही म्हणता येणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांच्या प्रेरणेने १९४८ साली संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरील बृहत्कोश सुरू झाला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तेथे जमविण्यात आल्या आणि १९७६ पासून खंड निघू लागले. वाईस लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला विश्वकोश वीस खंडांपर्यंत गेला. म्हणजे पद्धत जाणणारी परंपरा आपल्या भूमीत आहे आणि दीर्घकाळ चालणारे काम शासनाच्या आश्रयाने तडीस नेण्याचा अनुभवही आहे. जे काम मरे यांना कपाटांच्या खणांत चिठ्ठ्या लावून करावे लागले त्यातील यांत्रिक भाग आज संगणक करू शकतो. मोडी वाचणारी, जुन्या मराठीत मुरलेली व दाखला पारखून घेणारी माणसे मात्र तयार करावी लागतील, आणि त्यांना निश्चित वेतन, निश्चित मुदत व स्वायत्त संपादक मंडळ द्यावे लागेल. वाचकांचाही यात मोठा वाटा असू शकतो: घरोघरच्या जुन्या वह्या, रोजकीर्दी व पत्रव्यवहार यांतील नोंदी तारखेसह उतरवून देणारे शेकडो लोक महाराष्ट्रात, गोव्यात, बेळगाव-बडोदे-इंदूर-तंजावरच्या मराठी घरांत निघतील, याविषयी मला शंका नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा सर्वांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु दर्जा हा एक अधिकार आहे, तसेच ते एक दायित्वही आहे. ज्या भाषेचे प्राचीनत्व आपण दिल्लीस सिद्ध करून दिले, तिच्या एकेका शब्दाचे वय आपल्याच मुलांना सांगता यावे, एवढी तजवीज करणे हे त्या दर्जाचे पहिले कर्तव्य होय. महाराष्ट्र शासनाने, विद्यापीठांनी व साहित्यसंस्थांनी एकत्र येऊन मराठीच्या ऐतिहासिक कोशाचा ठराव करावा, शिवकाल व पेशवाई यांतील व्यवहारभाषेपासून कामास आरंभ करावा, पहिला नमुनाखंड ठराविक मुदतीत लोकांपुढे ठेवावा, आणि अर्थसंकल्पात त्यासाठी वर्षानुवर्षे टिकणारी तरतूद करावी. इंग्रजांना आपला कोश पुरा करण्यास सात दशके लागली. आपल्यालाही कदाचित तितकी लागतील, आणि म्हणूनच आरंभ या वर्षी व्हावयास हवा.